८५० रुपयांचा रेडिओ : तीन महिने वापरून

पुण्यातल्या तपकीर गल्लीतून मार्चमध्ये घेतला. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, एकाच साच्यातले हे सेट चार नावांनी विकले जातात.

घ्यायचं कारण बाबा. वय ८१, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. रात्री नऊला आमच्याकडे एका वाहिनीवरची चर्चा लागते. पडद्यावर आठ चौकटी, आठही तोंडं एकदम सुरू, खाली लाल पट्टी. अँकर ‘उत्तर द्या, उत्तर द्या’ म्हणत उत्तर देणाऱ्यालाच तोडतो. एकदा मी मोबाइलवर वेळ लावून बसले. कुणालाही सलग बोलायला मिळालेला सर्वांत जास्त वेळ ११ सेकंद. बाबा टीव्हीवर ओरडणार, जेवण गार होणार, मग रात्रभर झोप नाही. डॉक्टरांनी बीपीची गोळी वाढवली त्या आठवड्यात रेडिओ आणला.

तीन पेन्सिल सेल लागतात, रोज तासभर लावला तर महिना निघतो. एफएम उत्तम. पण आम्हाला हवं होतं पुणे आकाशवाणी, मीडियम वेव्ह ७९२ किलोहर्ट्झ, आणि तिथे पहिले पंधरा दिवस नुसती घरघर. बदलून आणायला निघालेच होते, तेवढ्यात स्वयंपाकघरातला एलईडी दिवा बंद केला आणि निवेदिकेचा आवाज स्वच्छ आला! दोष दिव्याचा होता. शिवाय मीडियम वेव्हची अँटेना आतल्या दांडीत असते, वरची तार कितीही ओढा, उपयोग शून्य. सेटच फिरवावा लागतो. बाबांनी खिडकीच्या कट्ट्यावर नेमक्या कोनात खडूची रेघ मारून ठेवली आहे. पुसायला आलेल्या बाईंना ती पुसायची परवानगी नाही.

सकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी प्रादेशिक बातम्या. दहा मिनिटं, मग संपतात. मंत्र्यांचा आरोप एका वाक्यात, विरोधकांचं उत्तर दुसऱ्या वाक्यात, पुढची बातमी कांद्याची. मागे ढणढणाट नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांचा साठा टीएमसीत (अब्ज घनफुटांत) सांगायला लागले की बाबा हात वर करून सगळ्यांना गप्प करतात.

सगळं गोड नाही. बातम्या सरकारी आहेत आणि ते ऐकू येतं. उद्घाटनं वर, आंदोलनं खाली, काही गोष्टी येतच नाहीत. त्या पेपरात शोधाव्या लागतात. रेडिओवर दुसरं ऐकून ताडून बघावं म्हटलं तर तीही सोय नाही, खासगी एफएमना स्वतःच्या बातम्या द्यायला आपल्याकडे परवानगीच नाही. जून २०२३मध्ये पुण्याचा हा वृत्तविभागच बंद करायचा आदेश निघाला होता. ओरड झाली, मग स्थगिती मिळाली.

मे महिन्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात’ असा व्हिडिओ आला. दोन बाण असलेला, म्हणजे निदान पाच हातांतून फिरून आलेला. २०१८लाही असाच एक फिरत होता. मोटरसायकलवरून मूल उचलून नेतात तो. ती कराचीतली जनजागृतीची फिल्म होती. तिच्या शेवटी मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात, तेवढाच भाग कुणीतरी कापला होता. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला आठवडी बाजारात आलेल्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून जमावाने मारून टाकलं. डवरी गोसावी समाजाची माणसं, मंगळवेढ्याकडची. राईनपाडा साक्री तालुक्यात आहे, आणि बाबांची नोकरीतली आठ वर्षं त्याच तालुक्यात गेली. तेव्हापासून ते असले व्हिडिओ उघडतसुद्धा नाहीत.

या वेळी त्यांनी सकाळी सात-पाचला बातम्या ऐकल्या आणि निकाल दिला, “रेडिओवर नाही, म्हणजे खोटं.”

“बाबा, रेडिओवर तर मागच्या आठवड्यातला आपला पाणीकपातीचा मोर्चाही नव्हता. मी स्वतः गेले होते.”

यावर ते काही बोलले नाहीत. मी पोलीस चौकीत फोन केला. अशी एकही तक्रार नाही म्हणाले, तेच ग्रुपवर लिहिलं. दोन अंगठे आले. व्हिडिओ टाकणाऱ्या काकांनी संध्याकाळी सुविचार टाकला.

टीव्ही सुटलेला नाही, हेही लिहायला हवं. नऊची चर्चा आठवड्यातून तीन-चारदा लागतेच. आवाज मात्र आता बाबा स्वतःच बंद करतात आणि हातवारे बघत जेवतात. बीपीची गोळी तेवढीच आहे.

सेटच्या तक्रारी दोन. सेलचं झाकण दुसऱ्या महिन्यात तुटलं, सध्या रबरबँडवर चाललंय. दुकानदाराने ‘वॉरंटी फक्त आतल्या मालाची’ म्हणून हात झटकले. आणि काटा इतका जाड आहे की ७९२वर आहात की शेजारी, ते कानानेच ठरवावं लागतं.

घेणार असाल तर दुकानात मीडियम वेव्ह लावून दाखवायला सांगा. ते एफएम लावून दाखवतात. आणि दुकानातले दिवे चालू असताना घरघर आली तर लगेच नापास करू नका, सेट हातात घेऊन बाहेर गल्लीत या.