फर्मवेअर अपडेटनंतर थरथरणारा फवारणी ड्रोन: एका खरिपाचा अनुभव

दहा लिटर टाकीचा, सहा मोटारींचा फवारणी ड्रोन सेलू परिसरातील काळ्या रानात कापूस, सोयाबीन आणि तुरीवर पूर्ण खरीप चालवल्यानंतर हा अनुभव लिहीत आहे. फवारणीच्या दर्जाबाबत माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पोळ्याच्या सुमारास आलेल्या फर्मवेअर (यंत्राच्या आतील सॉफ्टवेअर) अपडेटबाबत, कारण त्यानंतर हे यंत्र काही काळ भरल्या टाकीने उडवण्याजोगे राहिले नव्हते.

ड्रोनचा फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे उड्डाण सांभाळणारा छोटा संगणक, आर्डुपायलट या सॉफ्टवेअरवर चालतो. विक्रेत्याच्या सेवा केंद्राने लॅपटॉपवरून दूरस्थ पद्धतीने अपडेट केले आणि रिकाम्या टाकीची चाचणी बघून काम संपल्याचे सांगितले. टाकी भरून ड्रोन उचलताच मात्र त्याच्या भुजा बारीक थरथरू लागल्या, मोटारींचा आवाज घोगरा झाला आणि उतरवल्यानंतर मोटारींवर बोट टेकवत नव्हते. केंद्राचे उत्तर ठरलेले होते: पंखे बदला. पंखे बदलले, अ‍ॅक्सेलरोमीटर या हालचाल मोजणाऱ्या सेन्सरचे कॅलिब्रेशनही (मोजमापाची जुळणी) नव्याने केले, पण थरथर तशीच राहिली. उड्डाणाच्या लॉगमध्ये (ड्रोनने साठवलेल्या नोंदींमध्ये) कंपनाचा आकडा ३० मीटर प्रति सेकंद वर्गाच्या आतच होता; ६० च्या वर गेला असता तर पंखे किंवा बेअरिंगवर संशय घेण्यात अर्थ होता.

खरा धागा रिकाम्या आणि भरल्या टाकीतील फरकात होता. मोटारींच्या फिरण्याने होणारे कंपन गायरोपर्यंत, म्हणजे ड्रोनचे कलणे-फिरणे मोजणाऱ्या सेन्सरपर्यंत, पोचते. ते गाळले गेले नाही तर कंट्रोलर त्यालाच ड्रोनचे कलणे समजतो आणि क्षणोक्षणी मोटारींना उलटसुलट आज्ञा देत राहतो, म्हणून त्या तापतात. हे कंपन गाळण्यासाठी हार्मोनिक नॉच फिल्टर, म्हणजे ठरावीक वारंवारतेचे कंपन वगळणारी सॉफ्टवेअरमधील चाळणी, असते. लॉगमधील आलेखात कंपनाचे शिखर रिकाम्या टाकीला ३८ हर्ट्झवर, तर भरल्या टाकीला ५० हर्ट्झच्या जवळ दिसत होते, कारण जास्त वजन पेलण्यासाठी पंखे वेगाने फिरतात. फिल्टरने थ्रॉटलप्रमाणे (मोटारींना दिलेल्या जोराप्रमाणे) या शिखरामागे सरकावे यासाठी त्याला एक संदर्भमूल्य दिलेले असते. अपडेटनंतर ते शून्य झाले होते, म्हणजे फिल्टर एकाच जागी थिजला होता. जुने मूल्य भरल्यावर पहिल्याच भरल्या टाकीला थरथर थांबली आणि मोटारी नेहमीइतक्याच कोमट लागल्या.

दुसरा दोष त्यामानाने सोपा होता. एका जागी स्थिर ठेवलेला ड्रोन हळूहळू मोठी होत जाणारी वर्तुळे काढत होता. अपडेटनंतर ड्रोनच्या छोट्या खांबावरील बाहेरच्या होकायंत्राऐवजी कंट्रोलरमधील होकायंत्राला प्राधान्य मिळाले होते, आणि बॅटरीच्या जाड तारांतून जोराचा प्रवाह वाहू लागला की त्याची दिशा चुकत होती. आतील होकायंत्र बंद करून, विहिरीवरील लोखंडी पाइप आणि मोटारपंपापासून दूर मोकळ्या रानात कॅलिब्रेशन केल्यावर हा प्रश्न मिटला.

या दोन्ही दुरुस्त्या अखेर त्याच सेवा केंद्राच्या एका तरुण तंत्रज्ञाने केल्या. लॉग उघडायला तयार असलेला तेथे तो एकटाच भेटला. सोयाबीनवर अळी पडलेली असताना यंत्र दारात उभे राहणे काय असते, हे परभणी जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. म्हणून माझ्या मते ऐन हंगामात, सुरक्षेचे कारण नसेल तर, अपडेट करूच नये. आणि करायचे झाल्यास आधीच्या पॅरामीटरची (सेटिंगच्या मूल्यांची) फाइल स्वतःकडे घेऊन, अपडेटनंतरच्या यादीशी मिशन प्लॅनर या संगणकावरील सॉफ्टवेअरमध्ये पडताळून, भरल्या टाकीची चाचणी समोर करून घ्यावी. टाकीत औषध नव्हे, साधे पाणी भरावे. ही फाइल देण्यास नकार देणाऱ्या विक्रेत्याकडून मी तरी ड्रोन घेणार नाही.

आता तुरीवर ड्रोन नीट चालतो. अर्ध्या टाकीने धुऱ्याजवळ एकदम थांबवला तर अजूनही एक हिसका बसतो, पण तो आतल्या पाण्याच्या हिंदकळण्याचा आहे. टाकीत आडव्या पट्ट्या नाहीत, त्यामुळे तेथे वेग कमी करूनच वळवावे लागते.