सायकलला मोटर बसवल्यावर पायडल कसं लागतं: हिंडलगा ते शिनोळी रस्त्यावरचा अनुभव

पावसाच्या तोंडावर साध्या सायकलला मोटर बसवून घेतली, आता शिवारात भातकापणी सुरू झाली आहे. म्हणजे झड, वारा, तांबडा चिखल आणि त्यानंतरचं ऊन, सगळ्यातून ती फिरून झाली. ओळखीचे लोक अजून विचारतात, 'बसवू काय?' एका चार्जवर किती जाते, चार्ज व्हायला किती वेळ लागतो, हे दुकानदार सांगतोच. पायडल मारताना पायाला काय फरक पडतो हे मात्र कुणी सांगत नाही, आणि सायकल ठेवायची की विकायची ते शेवटी त्यावरच ठरतं.

सायकल सव्वीस इंची चाकाची, बिनगिअरची, लोखंडी फ्रेमची. मोटर मागच्या चाकात, २५० वॉटची. बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर. सगळं मिळून सहा-सात किलो वजन वाढलं. घर बेळगावजवळ हिंडलग्याला, काम शिनोळीच्या कारखान्यात. म्हणजे वेंगुर्ला रोडने रोज कर्नाटकातून महाराष्ट्रात जायचं आणि परत यायचं. एका बाजूला दहा-बारा किलोमीटर, रस्ता वरखाली. पुढच्या चाकातली मोटर मुद्दाम घेतली नाही, कारण चढावर खडी किंवा चिखल लागला की वजन मागे जातं आणि पुढचं चाक जागच्या जागी फिरतं.

आता पायडलचं. या किटमध्ये पायडलच्या आसावर एक चकती बसवतात, तिच्यात बारीक लोहचुंबक असतात आणि शेजारी सेन्सर. चकती फिरली की सेन्सरला एवढंच कळतं की माणूस पायडल मारतोय. किती जोर लावतोय ते त्याला कळत नाही. घाम गाळून मारा की नुसते पाय फिरवा, मोटर तेवढीच ढकलणार. पायडल हे एक प्रकारचं बटण होऊन जातं. सुरुवातीचं अर्धं चक्कर मात्र पूर्ण आपल्या पायावर, वाढलेल्या वजनासकट, आणि मग अचानक मागून कुणी कॅरिअर धरून ढकलावं तसा जोर येतो. सपाटीवर याची मजा वाटते. चढावर थांबून पुन्हा निघताना हेच अर्धं चक्कर जड जातं, तिथे अंगठ्याचा थ्रॉटल, म्हणजे पायडलशिवाय मोटर चालवणारी कळ, क्षणभर दाबायचा आणि सोडून द्यायचा. जोर मोजणारे सेन्सरही मिळतात, त्यात पाय जितका लावाल त्या हिशोबाने मोटर साथ देते. ते महाग, आणि जुन्या धाटणीच्या फ्रेममध्ये बसवणं कटकटीचं.

उलटी अडचण गर्दीत येते. बाजाराच्या दिवशी म्हशीमागून हळूहळू जायचं असतं, आपण तोल सांभाळायला पाय हलवतो आणि सेन्सरला वाटतं की याला पुढे जायचंय. पाय थांबवल्यावरही मोटर क्षणभर ओढतेच. म्हणून ब्रेकच्या मुठीत मोटर तोडणारा स्विच असतो, तो हवाच. काही फिटर वायर वाचवायला तो लावत नाहीत, त्यांना लावून द्यायला सांगा. आणि गर्दीत लेव्हल, म्हणजे मोटरच्या मदतीची पायरी, शून्य करून टाका.

पहिले काही आठवडे पायांना विचित्र वाटत होतं, त्याचं कारण गिअरच्या हिशोबात सापडलं. माझ्या सायकलला पुढे ४४ दाती चाक, मागे १८ दाती फ्रीव्हील. एका चकरात सायकल साधारण पाच मीटर जाते. मोटरशिवाय मी मिनिटाला साठेक चकरा मारायचो, म्हणजे ताशी अठरा किलोमीटर, पायाला बऱ्यापैकी वजन लागायचं. मोटर ताशी २५ पर्यंत नेते. त्या वेगाला पाय जुळवायचे तर मिनिटाला ऐंशीच्या वर चकरा हव्यात. तेवढं कोण मारतं? मग होतं असं की पाय साठच्या चालीने फिरतात, चेन सैल पडते आणि पायडल हवेत मारल्यासारखं रिकामं जातं. मोटर चालू राहते, कारण चकती फिरतेय. आपण मात्र काहीच करत नसतो. व्यायाम होत नाही, बॅटरी भराभर उतरते.

मागचं फ्रीव्हील १६ दाती घातलं. काही शे रुपयांचं काम. त्याच वेगाला आता सत्तरच्या आसपास चकरा लागतात आणि पायाला थोडं तरी वजन येतं. याची किंमत म्हणजे बॅटरी संपली तर चढ पूर्वीपेक्षा जड. मला हा सौदा परवडला. गुडघे दुखत असतील त्यांनी मात्र १८ च ठेवावं.

खरा फरक लेव्हलमुळे पडला. या किटमध्ये लेव्हल म्हणजे वेगाची मर्यादा. एकवर मोटर साधारण पंधरापर्यंत ढकलते, तीनवर पंचवीसपर्यंत. तीनवर ठेवलं की मोटर पुढे आणि पाय मागे, नेहमीच. एकवर ठेवलं की सपाटीला मी सोळा-सतराने जातो, मोटर गप्प असते, सगळं काम पायाचं. चढ आला, वेग पंधराच्या खाली आला की ती आपोआप हात लावते, चढ संपला की पुन्हा गप्प. हीच साथ मला हवी होती. आता बहुतेक वेळ एकवरच असतो, आणि घरी आल्यावर पाय दमलेले असतात, पण मोडलेले नसतात.

आषाढातला वारा मात्र वेगळा विषय. इथे पावसाळी वारा पश्चिमेचा, म्हणजे सकाळी शिनोळीकडे जाताना थेट तोंडावर. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी पंधराने चाललोय आणि समोरून पंधराचाच वारा आला तर अडथळा चौपट. चढ निदान दिसतो तरी आणि संपतो तरी, वारा ना दिसतो ना संपतो. गेल्या वर्षापर्यंत अशा दिवशी बस पकडायचो. आता लेव्हल दोन, अंगावर रेनकोट, आणि पाय नेहमीच्याच चालीने. संध्याकाळी तोच वारा पाठीला असतो, तेव्हा मोटर बंद.

बंद मोटरने पायडल जड लागतं का? माझ्या मोटरच्या आत बारीक गिअर आणि एका बाजूलाच पकडणारा क्लच आहे, त्यामुळे बंद असताना चाक मोकळं फिरतं. बिनगिअरच्या थेट मोटरमध्ये लोहचुंबकाची ओढ कायम असते, चाक हाताने फिरवलं तरी ती जाणवते. घेण्याआधी दुकानात चाक उचलून फिरवून बघा. वाढलेलं वजन सपाटीला फारसं कळत नाही, चढाला कळतं.

थांबलो की हमखास येणारा प्रश्न: 'पायडल मारलं की चार्ज हुतंय काय ओ?' नाही होत. तो क्लच असला की चाकाचं फिरणं मोटरपर्यंत उलटं पोचतच नाही. आणि समजा पोचलं असतं, तरी हिशोब बघा. बॅटरीत ३६० वॉट-अवर मावतात. साधा माणूस सलग शंभरेक वॉट लावू शकतो. म्हणजे काहीही वाया न जाता साडेतीन तासांहून जास्त जागच्या जागी पायडल मारायचं, अर्ध्या युनिटपेक्षाही कमी विजेसाठी. घरच्या प्लगला लावलेलं बरं.

दुसरा प्रश्न लायसनचा. २५० वॉटच्या आत आणि ताशी २५ च्या आत असेल तर केंद्राच्या १९८९ च्या मोटार वाहन नियमांनुसार ती मोटार वाहनात धरत नाहीत, नोंदणी नाही, लायसन नाही. आमच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच नियम लागू असण्याचा हा दुर्मीळ योग. कंट्रोलरची (मोटरला वीज सोडणाऱ्या डब्याची) वायर तोडून वेग वाढवून देणारे लोक आहेत, त्यांच्या नादी लागू नका, मग कागदपत्रं मागितली तर बोलायला तोंड नाही.

एका रविवारी येळ्ळूरच्या राजहंसगडावर नेली. तिथला चढ या मोटरचं काम नाही. वेग फार खाली गेला की चाकातली मोटर विजेचं बळ कमी आणि उष्णता जास्त करते. हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या मोटर असलेल्या भागाला, हात लावला तर चटका बसेल इतकं तापलं होतं, शेवटचा टप्पा ढकलत गेलो. घाटरस्त्यावर राहणाऱ्यांनी पायडलच्या आसावर बसणारी मोटर बघावी. तिचा जोर चेनमधून जातो, त्यामुळे सायकलचे गिअर वापरता येतात. अर्थात चेन आणि दाते लवकर झिजतात, आणि गिअरची सायकल आधी हवी.

पावसात दोनदा मोटर रस्त्यातच बंद पडली. दोन्ही वेळा कारण एकच: चकती आणि सेन्सर यांच्या मधल्या दोन-तीन मिलीमीटर फटीत चिखल आणि सेन्सर बाजूला सरकलेला. विकणाऱ्याने तो प्लास्टिकच्या पट्टीने बांधून दिला होता, तक्रार केली तर 'असंच असतंय' म्हणाला. लोखंडी पत्र्याची पट्टी वाकवून घट्ट बसवली, तेव्हापासून त्रास नाही. मागच्या चाकाचे आरे पहिल्या महिन्यात सैल होतात, ते ताणून घ्या.

खर्च वीस हजारांच्या वर गेला, त्यात निम्म्याहून जास्त बॅटरीचा. वडिलांच्या वेळची दांड्याच्या ब्रेकची काळी सायकल घरात असेल आणि तिलाच बसवायचा विचार असेल, तर आधी आऱ्यांची भोकं मोजा. त्या सायकलींना मागे ४० आणि पुढे ३२ असतात, मोटरचा हब बहुधा ३६ चा. म्हणजे रिंग बदलावी लागणार, आणि नवी रिंग त्या ब्रेकला चालेलच असं नाही.