बजेट गेमिंग लॅपटॉप: नऊ महिने रोज वापरल्यावर

दुकानात गेले तेव्हा मी प्रोसेसर विचारला, रॅम विचारली, ग्राफिक्स कार्ड विचारलं. स्क्रीनबद्दल एकच प्रश्न विचारला, किती हर्ट्झ? दुकानदार म्हणाला 144, आणि मी खूश झाले. आज नऊ महिन्यांनी सांगते, या लॅपटॉपमध्ये मला सगळ्यात महाग पडली ती ही स्क्रीनच.

मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, राहायला नाशिकच्या सिडकोत. बाबा अंबडला एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहेत. माझं दिवसभर सॉलिडवर्क्स (यंत्रांचे भाग 3डीत रेखायचं सॉफ्टवेअर) चालतं, अधूनमधून ब्लेंडरमध्ये रेंडर, म्हणजे 3डी मॉडेलचं खऱ्यासारखं चित्र काढणं, आणि रात्री जेवणं उरकली की शाळेतल्या मैत्रिणींबरोबर व्हॅलोरंट हा ऑनलाइन गेम. बजेट 60 हजारांचं ठरलं होतं. बाबांनी दिवाळीच्या बोनसमधून भर घातली आणि 67 हजारांपर्यंत गेलो. त्यात मिळालं ते असं: रायझन 7 7435एचएस, आरटीएक्स 3050 चं 6 जीबीवालं कार्ड, 8 जीबी डीडीआर5 रॅम, 512 जीबी एसएसडी, 15.6 इंची फुल एचडी स्क्रीन. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जी दुखणी पुढे सांगणार आहे ती या किमतीतल्या बहुतेक लॅपटॉपना आहेत, एका कंपनीला धरून उपयोग नाही.

स्क्रीनपासूनच सुरुवात करते. माझा मामा पिंपळगावजवळ द्राक्षबागायतदार. जानेवारीत त्याने मला पेटीवरच्या लेबलचं डिझाइन करायला सांगितलं. मी घडाचा फोटो घेतला, पण लॅपटॉपवर द्राक्षांचा रंग अगदीच मेलेला दिसत होता, धुतलेल्या कापडासारखा. म्हणून रंग वाढवला. अजून वाढवला. स्क्रीनवर छान टवटवीत दिसायला लागल्यावर फाइल पाठवून दिली. छापून आलेली 300 लेबलं मामाने समोर ठेवली तेव्हा मला बोलवेना. मणी गडद पोपटी झाले होते. मामा रागावला नाही, पण म्हणाला, "अगं, असा हिरवा मणी म्हणजे कच्चा माल. व्यापारी पेटीकडे बघूनच म्हणेल, शुगर आलेली नाही. पिकलेला मणी थोडा पिवळसर लागतो." लेबलं पुन्हा छापावी लागली. मामाने पैसे घेतले नाहीत, पण माझ्या मनाला ते लागून राहिलं.

कारण नंतर कळलं. माझी स्क्रीन 45% एनटीएससीवाली आहे (एनटीएससी हे स्क्रीन किती रंग दाखवते ते मोजायचं एक माप). म्हणजे इंटरनेटवरचे फोटो आणि डिझाइन ज्या एसआरजीबी रंगपट्ट्यात असतात, त्यातला जेमतेम दोन तृतीयांश भाग ती दाखवू शकते. ब्राइटनेस 250 निट्स, त्यामुळे खिडकीजवळ बसलं की आपलाच चेहरा दिसतो. तिचं 144 हर्ट्झ खरं आहे, व्हॅलोरंटमध्ये त्याचा फायदाही मिळतो. पण हर्ट्झ म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं एवढंच, रंगाशी त्याचा काही संबंध नाही. खोक्यावर 144 मोठ्या अक्षरात छापतात आणि 45% कुठेतरी बारीक अक्षरात असतं, नाहीतर नसतंच. त्याच दुकानात 6 हजार जास्त देऊन 100% एसआरजीबी स्क्रीनचं मॉडेल होतं. मी ते "डिस्प्लेवर कशाला खर्च" म्हणून सोडलं. फक्त गेम आणि कॉलेजच्या नोट्स असतील तर 45% ने अडत नाही. फोटो, डिझाइन, व्हिडिओ एडिटिंग यातलं काहीही करणार असाल तर पहिले पैसे स्क्रीनवर घाला, प्रोसेसर एक पायरी खालचा घेतला तरी चालेल.

आता ग्राफिक्स कार्ड. इथे मला नशिबाने बरं मिळालं आणि ते का बरं, हे मैत्रिणीचा लॅपटॉप शेजारी ठेवल्यावर कळलं. तिच्याकडेही आरटीएक्स 3050 च आहे, लॅपटॉप माझ्यापेक्षा पातळ आणि दिसायला सुंदर. पण एकाच गेममध्ये, एकाच सेटिंगला, माझ्याकडे सेकंदाला 60 च्या आसपास फ्रेम (चित्रं) मिळतात तिथे तिला 40 ला झगडावं लागतं. त्यामागे दोन कारणं आहेत. एक तर 3050 या एकाच नावाखाली 4 जीबी आणि 6 जीबी मेमरीची अशी दोन वेगळी कार्डं विकली जातात. दुसरं म्हणजे वॉट. ही चिप बनवणारी एनव्हिडिया कंपनी एका चिपला विजेचा एकच आकडा ठरवून देत नाही, एक पल्ला देते, आणि लॅपटॉपवाले आपल्या पंख्यांच्या कुवतीप्रमाणे त्यातला आकडा निवडतात. माझ्या कार्डाला 75 वॉट मिळतात, तिच्या कार्डाला 45. नाव तेच, पेट्रोलचा नळ मात्र बारीक. पातळ लॅपटॉपला उष्णता बाहेर टाकायला जागाच नसते, त्यामुळे कंपनीला दुसरा इलाज नसतो.

हा आकडा दुकानातच बघता येतो. डेमोचा लॅपटॉप चालू करून एनव्हिडिया कंट्रोल पॅनल उघडा, त्यात सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये कमाल ग्राफिक्स पॉवर लिहिलेली असते. दुकानदार कुरकुरला तरी हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. कमी वॉटच्या आरटीएक्स 4050 कार्डापेक्षा पूर्ण वॉटचं 3050 नेहमी चांगलं, असं मी म्हणणार नाही. 4050 नव्या पिढीचं आहे आणि तेही 6 जीबीचंच आहे. पण नुसतं नाव बघून 10 हजार जास्त देणं चूक आहे.

ब्लेंडरमध्ये या कार्डाने माझं खरंच काम हलकं केलं. गिअरबॉक्सच्या असेंब्लीचा एक रेंडर कॉलेजच्या कॉम्प्युटरवर नुसत्या प्रोसेसरवर 40 मिनिटं घ्यायचा, इथे 6 मिनिटांत होतो. सॉलिडवर्क्सच्या प्रमाणित यादीत गेमिंग कार्डं बसत नाहीत, तरी कॉलेजच्या पातळीच्या असेंब्लीला मला अडचण आली नाही.

बॅटरीची गोष्ट मात्र जरा कडू आहे. 7435एचएस मध्ये 8 कोअर आणि 16 थ्रेड आहेत, कागदावर भरभक्कम. पण त्यात अंगचं ग्राफिक्स नाही. इतर बहुतेक लॅपटॉपमध्ये साधं काम करताना प्रोसेसरमधलं छोटं ग्राफिक्स स्क्रीन सांभाळतं आणि मोठं कार्ड झोपून राहतं. माझ्याकडे नुसती पीडीएफ वाचायची तरी मोठं कार्ड जागं. 57 वॉट-तासांची बॅटरी, आणि ती चालते सव्वादोन तास, फार तर अडीच. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ असतो, त्यांचंही असंच. या प्रोसेसरमुळे लॅपटॉप स्वस्त मिळतो हे खरं, पण त्याची किंमत बॅटरीच्या रूपाने मोजायची आहे हे घेताना कुणी सांगत नाही.

मिनी प्रोजेक्टच्या सादरीकरणाला हे चांगलंच जाणवलं. वर्गात माझ्या बाकाजवळ प्लग नव्हता. सरांनी मॉडेल फिरवून दाखवायला सांगितलं, आणि घरी लोण्यासारखं फिरणारं मॉडेल अडखळत फिरायला लागलं. चार्जर काढला की कार्ड आपोआप स्वतःला आखडून घेतं, कारण एवढे वॉट बॅटरीतून ओढणं शक्यच नसतं. सर समजूतदार होते, पण ती पाच मिनिटं माझ्या हाताला घाम सुटला होता. तेव्हापासून पहिल्या बाकावरचा प्लग माझा. लॅपटॉप सव्वादोन किलो, चार्जरची वीट अर्ध्या किलोच्या वर. पावसात हे सगळं पाठीवर घेऊन सिटीलिंकच्या बसमध्ये उभं राहणं सोपं नाही. रोज नेआण करायची असेल तर हा हिशोब आधी करा.

आधी 8 जीबी रॅम होती, एकच पट्टी. पंधरा दिवसांत दुसरी 8 ची पट्टी टाकली आणि व्हॅलोरंटमध्ये मध्येच बसणारे झटके गेले. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला मेमरीचे दोन रस्ते मिळतात. 512 जीबीचे विंडोजमध्ये 476 दिसतात, आणि आता एकेक मोठा गेम 100 जीबी मागतो, त्यामुळे जागा पुरत नाही. दुसऱ्या एसएसडीसाठी मोकळा स्लॉट आहे ना, आणि मागचं झाकण उघडलं तर वॉरंटी राहते ना, हे बिल करण्याआधी विचारून घ्या.

उष्णतेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण नाशिकला वर्षभरात दोन्ही टोकं बघायला मिळतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 10 च्या खाली जातो, तेव्हा लॅपटॉप इतका शांत होता की मला वाटलं लोक उगाच घाबरवतात. एप्रिलमध्ये बाहेर 40, आमची वरच्या मजल्याची खोली, वर स्लॅब तापलेला. गेम सुरू केल्यावर दहा मिनिटांत प्रोसेसर 95 ला आणि कार्ड 84 ला. पंख्यांचा आवाज असा की आई स्वयंपाकघरातून विचारायची, मिक्सर कोण चालवतंय? कीबोर्डच्या मधल्या भागावर बोट ठेववत नव्हतं.

तीन गोष्टींनी फरक पडला. गादीवर ठेवून वापरणं पूर्ण बंद केलं, खालच्या जाळ्या दबतात. आजीचा जेवायचा पाट टेबलावर ठेवला आणि लॅपटॉपच्या मागच्या कडेखाली लाकडाचे दोन ठोकळे दिले, त्यानेच 4 ते 5 अंश उतरले. आणि मोठ्या गेममध्ये फ्रेम 60 ला बांधून टाकल्या. कार्डाला 60 च्या पुढे धावायची गरजच उरली नाही की ते तापत नाही आणि पंखेही आवाज करत नाहीत. व्हॅलोरंट हलका आहे, तिथे 144 मोकळे ठेवले.

धूळ हा वेगळाच त्रास. आमच्या गल्लीत उन्हाळाभर रस्ता खोदलेला होता. जूनमध्ये डाव्या पंख्यातून कर्रकर्र आवाज यायला लागला. वॉरंटीत दिला, पंखा फुकट बदलून मिळाला, पण अकरा दिवस गेले, आणि तेही सबमिशनच्या आठवड्यात. तंत्रज्ञाने झाकण उघडलं तेव्हा मी शेजारीच उभी होते. उष्णता बाहेर टाकणाऱ्या तांब्याच्या बारीक पात्यांवर राखाडी धुळीचा थर बसला होता, नमद्यासारखा दाट. त्याने चिमट्याने धरून ओढला तर अख्खी पट्टी एका तुकड्यात निघाली. पंखा बिघडला नसता तरी हवा बाहेर जायला वाटच राहिली नव्हती. आता तीन महिन्यांनी एकदा मऊ ब्रशने साफ करायचं ठरवलंय, पंख्याचं पातं बोटाने धरून, म्हणजे ते उलटं गरगरत नाही. वॉरंटी घेताना घरी येऊन दुरुस्ती करतात की मशीन नेऊन द्यावं लागतं हेही विचारा. मी विचारलं नव्हतं.

बॅटरी जपण्यासाठी कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंग 80% वर थांबवलंय, कारण लॅपटॉप बहुतेक वेळ प्लगलाच असतो, आणि पूर्ण भरलेली गरम बॅटरी लवकर म्हातारी होते. नऊ महिन्यांत तिची क्षमता 57 वरून 54 वर आली आहे. मला हे ठीक वाटतं.

डेस्कटॉप का नाही घेतला, असं बरेच जण विचारतात. माझ्या चुलतभावाने साधारण एवढ्याच पैशात डेस्कटॉप बांधला. त्याचं कार्ड माझ्यापेक्षा सरळसरळ वेगवान, खोली तापली तरी त्याचा वेग उतरत नाही, आणि दोन वर्षांनी तो नुसतं कार्ड बदलू शकेल. माझं कार्ड बोर्डाला चिकटलेलं आहे, ते शेवटपर्यंत तेच. पण मॉनिटर आणि यूपीएसचे पैसे त्याला वेगळे पडले. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते तेव्हा माझा रेंडर सावकाश का होईना चालू राहतो. शिवाय मला कॉलेजात नेण्यावाचून गत्यंतर नाही. ज्यांचं मशीन घराबाहेर पडणारच नाही त्यांनी डेस्कटॉपच घ्यावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

गेल्या महिन्यात शिकवणीच्या पैशातून मी साडेआठ हजारांचा 24 इंची आयपीएस मॉनिटर घेतला, पूर्ण एसआरजीबीवाला, आणि एचडीएमआयने जोडला. पहिल्यांदा मामाचं जुनं लेबल उघडलं. तो भडक पोपटी रंग समोर लख्ख दिसला, जो जानेवारीत मला दिसलाच नव्हता. नवीन लेबलवर मणी आता किंचित पिवळसर आहेत. छापायच्या आधी एक प्रत काढून मामाकडे पाठवली आहे, ऑक्टोबर छाटणीच्या आधी तो सांगतो म्हणालाय.