वर्षभराच्या वापरानंतर: ७१८ केमन, उन्हाळ्यात ‘वाय’ आणि हिवाळ्यात ‘व्ही’

घाईत असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगतो. टायरच्या बाजूवर एक इंग्रजी अक्षर छापलेलं असतं, ते टायर जास्तीत जास्त किती वेग झेलू शकतो हे सांगतं. उन्हाळी टायर घेताना या वेगाच्या अक्षरात एक पायरीसुद्धा खाली उतरू नका. हिवाळी टायरमध्ये मात्र ‘व्ही’ बिनधास्त घ्या, त्याहून वरच्या अक्षरासाठी जादा पैसे मोजण्यात मला तरी अर्थ दिसला नाही. असं का म्हणतो, ते खाली सविस्तर लिहितो.

गाडी पोर्शे ७१८ केमन, दोन लिटर टर्बो, ३०० पीएस (म्हणजे अश्वशक्ती). कागदावर कमाल वेग ताशी २७५ किमी. मी स्टुटगार्टजवळ राहतो, त्यामुळे ऑफिस, बाजारहाट आणि शनिवार-रविवारी ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरात भटकणं या सगळ्यासाठी हीच गाडी. टायर १९ इंची, पुढे २३५/४० आणि मागे २६५/४०. ब्रँडचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण इथे मला लिहायचंय ते साइडवॉलवरच्या, म्हणजे टायरच्या बाजूवरच्या, त्या एका अक्षराबद्दल.

अक्षरांचा हिशेब असा: टी म्हणजे ताशी १९० किमीपर्यंत, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७० आणि वाय ३००. मापातच ‘झेडआर’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ २४० च्या वर एवढाच. नेमकी मर्यादा कळते ती पुढच्या अक्षरावरून. वजनाचा आकडा आणि वाय दोन्ही एकत्र कंसात असतील, तर तो टायर ३०० च्याही पुढे जाऊ शकतो, पण किती पुढे आणि किती वजन घेऊन, हे टायर कंपनीला विचारावं लागतं. त्या पल्ल्यात अक्षरं संपतात. २०१९ मध्ये बुगाटी शिरॉन ही गाडी जर्मनीतल्या एरा-लेसियनच्या चाचणी ट्रॅकवर ताशी ४९० किमीच्या वर गेली, तेव्हा मिशलँ या टायर कंपनीने तिचे टायर खास मजबूत करून बनवले होते आणि बसवण्याआधी ते एक्स-रेखालून काढले होते.

आता माझ्या गाडीचं. २७५ हा आकडा डब्ल्यूच्या २७० हून पाचने जास्त, म्हणून कारखान्यातून वाय येतो. टायरच्या दुकानात मला सांगण्यात आलं की पाच किलोमीटरसाठी कशाला अडून बसता, २७० ने रोज कोण चालवतं? ऐकायला पटतं. पण जर्मनीत उन्हाळी टायरला ही सूट नाही. नोंदणीच्या कागदावर ‘टी’ या रकान्यात गाडीचा कमाल वेग असतो आणि १५.१ पासून पुढे टायरची मापं. टायर त्या वेगाला पुरला पाहिजे, मग तुम्ही प्रत्यक्षात १३० च्या वर कधी जात नसलात तरी. पुरत नसेल तर तपासणीत गाडी अडकते, आणि अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण पडतं.

कायदा बाजूला ठेवला तरी मी वायच घेतला असता, आणि त्याचं कारण वेगापेक्षा वजनात आहे. ही गोष्ट फार कमी लोक सांगतात. टायरवर अक्षराच्या आधी जो आकडा असतो तो वजनाचा. ९८ म्हणजे एका टायरवर ७५० किलो. पण ही पूर्ण क्षमता कमाल वेगापर्यंत टिकत नाही. डब्ल्यू टायर २४० पर्यंत पूर्ण वजन घेतो, २५० ला ९५ टक्के, २६० ला ९० आणि २७० ला ८५. वाय टायर मात्र २७० पर्यंत पूर्ण ७५० किलो पेलतो, त्याची उतरण त्यानंतर सुरू होते. म्हणजे २७० च्या वेगाला एकाच मापाचा डब्ल्यू सुमारे ६३७ किलोंवर आलेला असतो आणि वाय अजून ७५० वरच असतो. अक्षर म्हणजे स्पीडोमीटरवरची रेघ नव्हे. उष्णता आणि वजन झेलायला टायरकडे किती शिल्लक आहे, ते त्या अक्षरातून कळतं.

ही शिल्लक खर्च कशात होते, याचा एक हिशेब करून बघा. माझ्या मागच्या टायरचा व्यास साधारण ६९५ मिमी आहे. २४० च्या वेगाला तो सेकंदाला तीसेक वेळा फिरतो. त्या वेळी नक्षीतला दहा ग्रॅमचा रबरी ठोकळा सुमारे तेरा किलोंच्या जोराने बाहेर उडू पाहतो. ३०० ला तोच जोर वीस किलोंवर जातो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. हा ताण आवरतात ते आतले स्टीलचे पट्टे आणि त्यांच्यावर गोल गुंडाळलेला नायलॉनचा किंवा अरामिड या मजबूत कृत्रिम धाग्याचा थर. वरच्या अक्षराच्या टायरमध्ये या थरावर जास्त मेहनत घेतलेली असते. शिवाय रबर जमिनीला टेकताना चपटं होतं आणि सुटताना पुन्हा गोल होतं. वेग फार वाढला तर गोल व्हायला वेळच उरत नाही, टायरच्या मागच्या बाजूला लाट उभी राहते आणि ती सगळी ऊर्जा उष्णता होऊन आत साठते. टायर फुटतो तो बहुतेक वेळा या उष्णतेने.

प्रत्यक्ष वापरात हे दिसतं ते हवेच्या दाबात. ए८१ या महामार्गावर स्टुटगार्टहून दक्षिणेला बोडनझे सरोवराकडे जाताना वेगमर्यादा नसलेले तुकडे लागतात. पहाटे रस्ता मोकळा असला की थोडा वेळ २२० च्या आसपास राहता येतं. निघताना दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरलेली हवा पंधरा-वीस मिनिटांत मागच्या चाकांत साधारण ०.३ बारने चढलेली स्क्रीनवर दिसते. ढोबळ नियम असा की आतलं तापमान दहा अंशांनी वाढलं की दाब ०.१ बारने वाढतो. म्हणजे रबर चांगलंच तापलेलं असतं. तापलेल्या टायरमधून हवा कधीही सोडू नका. आणि हवा कमी असेल तर अक्षर वाय असो की आणखी काही, त्याचा उपयोग नाही. ही सगळी रेटिंगं योग्य हवा भरलेल्या, धडधाकट टायरवर ठरतात. प्रयोगशाळेत ड्रमवर टप्प्याटप्प्याने वेग चढवत तासभराची चाचणी होते, आणि त्यातला सर्वांत वरच्या वेगाचा भाग मिनिटांत मोजण्याइतका असतो. ३०० चा टायर म्हणून दिवसभर ३०० ने चालवा, असं कुणीच म्हटलेलं नाही.

वाय टायरबद्दलची तक्रारही लिहायला हवी. पारा सात-आठ अंशांच्या खाली गेला की हे उन्हाळी रबर कडक पडतं. सप्टेंबरअखेरच्या थंड सकाळी पहिले काही किलोमीटर मागचं चाक वळणावर हलकं वाटतं, ओल्या रस्त्यावर तर स्पष्ट जाणवतं. काँक्रीटच्या जुन्या पट्ट्यांवर आवाजही बराच येतो. मागची जोडी पुढच्या जोडीपेक्षा झपाट्याने झिजते, पण इंजिन मधोमध आणि ताकद मागच्या चाकांना, तेव्हा ते होणारच.

हिवाळ्याची गोष्ट वेगळी. हिवाळी टायर कधी लावायचे, याचा इथे ‘ऑक्टोबर ते ईस्टर’ असा साधा पाठ आहे. बर्फ किंवा निसरडा रस्ता असेल तर डोंगर आणि हिमकणाची खूण असलेले टायर लागतातच. नुसत्या ‘एम अधिक एस’ (चिखल आणि बर्फ) या जुन्या खुणेची सवलत सप्टेंबर २०२४ ला संपली. पकडलं गेलं तर ६० युरो दंड आणि चालकाच्या नावावर एक दोषगुण (पॉइंट). मात्र हिवाळी टायरला कायदा एक मोकळीक देतो: टायरचं अक्षर गाडीच्या कमाल वेगाहून खालचं चालतं, फक्त चालकाच्या नजरेसमोर तशी मर्यादा लिहिलेली हवी. माझ्या डॅशवर ‘२४०’ चं गोल स्टिकर लागलं आहे.

व्ही का पुरतो? हिवाळी रबर मऊ असतं, नक्षी खोल आणि बारीक चिरा पाडलेली. तोच मऊपणा बर्फावर पकड देतो आणि तोच वेगात आड येतो. १८० नंतर ठोकळे डुलल्यासारखे वाटतात, स्टीअरिंगचं उत्तर किंचित उशिरा येतं. २४० पर्यंत जायची इच्छाच होत नाही. वजनाचा हिशेबही बसतो: २४० ला व्ही टायर ९१ टक्के घेतो, म्हणजे ९८ आकड्याच्या टायरला ६८२ किलो. दोन टायर मिळून ही क्षमता माझ्या मागच्या आक्सलच्या मर्यादेपेक्षा बरीच वर आहे. बी५०० वरून, म्हणजे बाडेन-बाडेन ते फ्रॉयडनश्टाटच्या डोंगररस्त्यावरून, जानेवारीत ताज्या बर्फात गाडी शहाण्यासारखी चालली. मागच्या चाकांवर ३०० पीएस असूनही घाबरायला झालं नाही. मार्चमध्ये मात्र पारा पंधरावर गेला आणि ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला घेते ते अंतर लांबलेलं जाणवू लागलं. त्यामुळे ईस्टर येताच टायर बदलून टाकले.

नाशिकच्या आतेभावाने हे वाचून विचारलं, आम्ही समृद्धीवर काय लावायचं? दादा, तिथे मर्यादा १२० ची. टी किंवा एच टायरला तो वेग काहीच नाही. तिथे उष्णता येते ती मे महिन्यातल्या काँक्रीटमधून, कमी हवेतून, ठासून भरलेल्या डिकीतून आणि गोटा झालेल्या जुन्या टायरमधून. वरचं अक्षर विकत घेऊन यातलं काहीच सुटत नाही. निघताना थंड टायरमध्ये हवा बघा, स्टेपनीसकट.

पोर्शेवाल्यांसाठी आणखी एक. साइडवॉलवर एन आणि आकडा अशी खूण असते, म्हणजे तो टायर पोर्शेने तपासून मान्य केलेला. मी चारही टायर त्याच खुणेचे ठेवतो. पुढे एक आणि मागे दुसरा, असं करत नाही, अक्षराच्या बाबतीत तर नाहीच. आणि पंक्चर काढलेला टायर असेल तर कंपनी काय म्हणते ते आधी वाचा. काही कंपन्या दुरुस्तीनंतर मूळ वेगाची हमी देत नाहीत. माझ्या मागच्या टायरमध्ये स्क्रू घुसला तेव्हा मी टायर बदलला आणि नक्षीतला फरक फार राहू नये म्हणून शेजारचाही बदलला. खर्च झोंबला, पण त्याच आठवड्यात ए८१ वर जायचं होतं.

नवा सेट घेताना टायरच्या बाजूवरच्या ‘डॉट’ने सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे, म्हणजे टायर कधी बनला ते, वाचायला विसरू नका. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. या मापाचे टायर फार खपत नाहीत, गोदामात पडून राहतात. मला आधी आणून दिलेली जोडी तीन वर्षं जुनी निघाली. ती परत केली, आठवडाभर थांबलो आणि ताजी घेतली. हिवाळी जोडीची नक्षी आता साडेपाच मिमी आहे. कायद्याने १.६ चालते, पण बर्फासाठी मी ४ च्या खाली जाणार नाही, म्हणजे अजून एक हिवाळा निघावा. त्यानंतर पुन्हा व्हीच.