वॉचडॉगचं घड्याळ नकली निघालं: बोर्ड घेताना एवढं तपासा

बोअरच्या मोटारीचं कंट्रोलर बोर्ड वाळूजच्या टेबलावर चार-चार दिवस गप चालतं. तेच शेतात पत्र्याच्या पेटीत गेलं की मे महिन्यात भर दुपारी रीसेट मारत बसतं. रिले पडतो, कॉन्टॅक्टर खट्ट करतो आणि दोष लाइनीला जातो. इथं लाइन बरी होती. 'ओरिजिनल हाय, बिनधास्त लावा' म्हणून गळ्यात मारलेली एसटीएम३२एफ१०३सी८, म्हणजे बोर्डाचा मेंदू असलेली मायक्रोकंट्रोलर चिप, दुसऱ्याच चिपवर नाव छापून आलेली होती.

पहिली खूण प्रोग्रॅमिंगलाच दिसते. अस्सल चिपचा डीबग आयडी (प्रोग्रॅमर जोडला की चिप सांगते तो ओळख क्रमांक) १बीए०१४७७ येतो, नकलीचा बहुधा २बीए०१४७७. चिपमध्ये प्रोग्रॅम भरायचं ओपनओसीडी हे सॉफ्टवेअर तिथंच अडतं. विकणारा सांगतो, कन्फिगमधला आकडा बदला, चालतंय. तिथंच माल परत करायचा. आयडी जुळला म्हणून मात्र चिप अस्सल ठरत नाही.

या चिपमधला स्वतंत्र वॉचडॉग, म्हणजे कोडनं ठरल्या वेळेत हजेरी दिली नाही तर चिप रीसेट करणारा टायमर, आतल्या एलएसआय आरसी ऑसिलेटरवरच (चिपमधलं ढोबळ घड्याळ) चालतो. '३२.७६८ किलोहर्ट्झचं क्रिस्टल टाकलंय, वॉचडॉग एकदम अचूक' ही दुसरी थाप. ते क्रिस्टल आरटीसीचं (वेळ-तारीख ठेवणाऱ्या घड्याळाचं), वॉचडॉगला त्याचा काडीचा उपयोग नाही.

एलएसआय मोजायला ऑसिलोस्कोप लागत नाही. आरटीसीला एलएसआय द्या, बीकेपी_आरटीसीसीआर रजिस्टरमधला सीसीओ बिट लावा. पीसी१३ पिनवर ६४ ने भागलेली फ्रीक्वेन्सी मिळते, मल्टिमीटर हर्ट्झवर ठेवून वाचा. ४० किलोहर्ट्झला ६२५ दिसायला हवं. या बोर्डावर टेबलावर ८६० दिसलं, तापलेल्या पेटीत ९०५. वॉचडॉगचा प्रीस्केलर (घड्याळ भागायचा आकडा) ६४, रीलोड (उलटी मोजणी सुरू होते तो आकडा) १२४९, म्हणजे कागदावर २ सेकंद; प्रत्यक्षात टेबलावर १.४५ आणि पेटीत १.३८. कोड मोडेमच्या उत्तरासाठी वॉचडॉगला हजेरी न देता १.४ सेकंद थांबत होता; पेटीत त्याआधीच रीसेट. झालं.

आता खरं बोलायचं तर अस्सल चिपच्या डेटाशीटमध्येही एलएसआय ३० ते ६० किलोहर्ट्झ असाच दिलाय. म्हणजे नकली चिप नसती तरी हा कोड कधीतरी आपटलाच असता. हिशोब ६० धरून करा: रीलोड १८७४ ठेवला की कमीत कमी २ सेकंद मिळतात, ३० ला तेच ४ होतात. मोटार तेवढे ४ सेकंद बेवारस चालली तर चालेल का, हे आधी ठरवा. चालत नसेल तर बाहेरची वॉचडॉग चिप लावा, पण तिच्याही डेटाशीटमधला किमान वेळ बघून.

पैसे देण्याआधी लॉटमधले चार-पाच बोर्ड ड्रायरनं तापवून पीसी१३ वाचा.