86,900 रुपयांचं कुंग फू

आधी हिशेब लिहिते, म्हणजे 'एकूण किती गेले हो?' असं कुणी विचारायला नको. प्रवेश फी माझी आणि मुलाची मिळून 3,000. दोन वर्षांचं 'फॅमिली पॅकेज' 38,000. गणवेश आणि बूट 4,400. बेल्टच्या परीक्षा, त्याच्या तीन आणि माझ्या दोन, प्रत्येकी 1,800 प्रमाणे 9,000. 'इंटरनॅशनल' स्पर्धा 7,500. चीनच्या शिबिराचा ॲडव्हान्स 25,000, तोही रोख. झाले 86,900. दोघांच्या पासपोर्टची सरकारी फी यात धरलेली नाही, कारण या अख्ख्या व्यवहारात हाती आलेली खरी कागदपत्रं तेवढीच.

मी पतपेढीत कर्ज विभागात आहे. जामीनदाराची सही जुळली नाही तर फाइल परत पाठवणारी बाई. त्यामुळे 'तुम्हाला एवढंही कळलं नाही?' हे मी नात्यातल्या प्रत्येकाकडून ऐकून घेतलंय. त्यांना एकच सांगते. क्लास चालायचा एका नावाजलेल्या शाळेच्या हॉलमध्ये. बक्षिसं द्यायला नगरसेवक यायचे. सकाळच्या मोठ्यांच्या बॅचला आमच्या फॅमिली डॉक्टर बाई माझ्या शेजारी उभ्या राहायच्या. अशा ठिकाणी संस्थेची घटना मागायला कोण जातं? तुम्ही गेला असतात?

जून 2023 ची गोष्ट. मुलगा आठवीत, हातातून मोबाइल सुटत नव्हता, आणि माझी साखर काठावर. सर (मुलं त्यांना 'सिफू' म्हणायची) बोलायला गोड. महिन्याला माणशी 1,200, दोघांचे दोन वर्षांचे 57,600 होतात, पण एकरकमी भरले तर 38,000, आणि ही सवलत रविवारपर्यंतच. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. पैसे फोन पे केले ते सरांच्या बायकोच्या नंबरवर. पावतीवर संस्थेचं नाव, खातं मात्र बाईंचं. ही दोन नावं वेगळी दिसली की तिथूनच मागे फिरा. आणि तीन महिन्यांपेक्षा जास्त फी आगाऊ कुणालाही देऊ नका, मग तो कुंग फू शिकवो नाहीतर कथक.

शिकवलं नाही असं म्हणणार नाही. पहिले काही महिने सर स्वतः यायचे. 'मा बू'मध्ये, म्हणजे घोड्यावर बसल्यासारखं गुडघे वाकवून, मांड्या थरथरेपर्यंत उभं करायचे, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटायचं. मग हळूहळू बारावीतला एक 'सीनियर' मुलगा शिकवायला लागला. सर उगवायचे ते परीक्षेच्या दिवशी. परीक्षा मात्र चुकत नव्हत्या. पांढरा, पिवळा, पिवळ्यावर पट्टी, केशरी, केशरीवर पट्टी... पारंपरिक चिनी कुंग फूमध्ये असे रंगीत पट्टे नव्हतेच, ही जपानी ज्यूदोकडून आलेली पद्धत. हे मी वाचलं तेव्हा 9,000 जाऊन बसले होते.

भिंतीवर राजमुद्रेचं एक 'शासनमान्य' प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं होतं. ते उद्यम नोंदणीचं, म्हणजे छोट्या उद्योगांच्या नोंदणीचं निघालं. ते ऑनलाइन, फुकट, स्वतःच माहिती भरून कुणालाही काढता येतं. फ्रेमच्या जवळ जाऊन वाचा हो, लांबून नमस्कार करू नका!

खरा गळ होता दहावीच्या वाढीव गुणांचा. खेळाडूंना 25 पर्यंत गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण, हे खोटं नाही. म्हणूनच तर आम्ही अडकलो. डिसेंबरमध्ये 'इंटरनॅशनल चॅम्पियनशिप' झाली एका मंगल कार्यालयात, स्टेजवर नवरा-नवरीच्या खुर्च्या तशाच. इंटरनॅशनल कशी, तर नेपाळी आडनावाची दोन मुलं होती. ती इथल्याच शाळेत शिकणारी निघाली. माझ्या मुलाच्या वजनगटात तो आणि त्याच्याच बॅचमधला मित्र, एवढेच. एकाला सुवर्ण, एकाला रौप्य.

घरी आल्यावर पदकाच्या मागचा गोल स्टिकर एका कडेनं सुटलेला दिसला. नखानं ओढला. खाली कोरलेलं होतं, 'अंडरआर्म क्रिकेट, उत्कृष्ट क्षेत्ररक्षक'. सरांना फोन केला. ते हसले. 'अहो मॅडम, दुकानदारानं घोळ घातला, पुढच्या वेळी लॉट बदलून घेतो.' आणि मी काय केलं? फेविकॉल लावून तो स्टिकर परत बसवला. पोरगा सकाळी पदक शाळेत न्यायला निघाला होता, रात्री गळ्यात घालूनच झोपला होता. त्याच्यासमोर मी काय बोलणार होते? पण पतपेढीतल्या कुठल्या कागदावर असा चिकटवलेला तुकडा सापडला असता तर मी समोरच्याला खुर्चीवर बसू दिलं नसतं. हे आठवलं की अजून झोप उडते.

त्यानंतरही 25,000 दिले. पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत चीनमधल्या शाओलिनला, म्हणजे कुंग फूसाठी प्रसिद्ध बौद्ध मंदिराच्या गावी शिबिर, 'बौद्ध भिक्षू बोधिधर्म इथूनच तिकडे गेला, आपण आपलीच विद्या परत आणायला जातोय' असं भाषण, आणि मंदिराच्या दारात झगा घालून काढलेला सरांचा फोटो. ते मंदिर तिकीट काढून कुणालाही बघता येतं. ते ज्या डेंगफेंगमध्ये आहे, हेनान प्रांतात, तिथे खासगी कुंग फू शाळा ढिगानं आहेत, पैसे भरा आणि राहा. सर सांगायचे तसं मंदिराशी 'थेट संलग्न' वगैरे काही नाही. (2025 च्या जुलैत खुद्द मंदिराच्या मठाधिपतींचीच पैशांच्या अपहारावरून चौकशी सुरू झाल्याची बातमी आली. आमचे सर म्हणजे किरकोळ.) व्हिसा 'अडकला', शिबिर पुढे गेलं, दिवाळी संपली आणि हॉलला कुलूप. शाळा म्हणते, आम्ही फक्त हॉल भाड्यानं दिला होता, आमचंही भाडं थकलंय. व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच लिहिता यायला लागलं. असं झालं की ग्रुप सोडू नका, आधी सगळे स्क्रीनशॉट घ्या. मी रागानं बाहेर पडले, आणि आता शेजाऱ्यांकडून मागतेय.

प्रमाणपत्र घेऊन मुलाच्या शाळेतल्या क्रीडा शिक्षकांकडे गेले. त्यांनी ते उजेडात धरूनही पाहिलं नाही. गुणांचा प्रस्ताव शाळेतून जिल्हा क्रीडा कार्यालयात आणि तिथून बोर्डात जातो. स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची किंवा सरकारी शालेय स्पर्धा असावी लागते. चिनी युद्धकलेतला मान्यता असलेला खेळ म्हणजे वुशू. 1990 पासून तो आशियाई स्पर्धांत आहे, आणि 2023 मध्ये हांगझौला आपल्या रोशिबिना देवीनं त्यात रौप्य जिंकलं. तिचा फोटो आमच्या सरांच्या फ्लेक्सवर होता! सरांची 'फेडरेशन' मात्र सर, त्यांची बायको आणि मेहुणा. फी भरण्याआधी क्रीडा कार्यालयात एक फोन करा. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाच्या वेबसाइटवर मान्यताप्राप्त महासंघांची यादी आहे, तीही बघा.

आता कार्यालयांचं ऐका. पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदार म्हणाले, 'वर्षभर क्लास घेतला ना त्यानं? मग फसवणूक कसली? सिव्हिल मॅटर आहे.' भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 मी छापून नेलं होतं. ते बाजूला ठेवून दुसरे एक साहेब माझ्या मुलाला म्हणाले, 'काय शिकलास, दाखव बरं एक किक.' सगळे हसले. पोरगा खाली मान घालून उभा. अर्जावर आवक शिक्का मिळाला, बाकी काही नाही. क्रीडा कार्यालयात उत्तर, 'खासगी क्लास आमच्या अखत्यारीत नाहीत.' बरं, मग कुणाच्या? महापालिका म्हणते, शाळेला विचारा. नगरसेवक म्हणाले, आम्हाला दहा ठिकाणी बोलावतात, कुणाकुणाची चौकशी करणार? ऑनलाइन तक्रार केली, ती 'संबंधित विभागाकडे वर्ग' होऊन 'निकाली' निघाली. माझे पैसे जिथल्या तिथे, तक्रार मात्र निकाली! कर भरायला उशीर झाला की यांना आमचा पत्ता बरोबर सापडतो.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेले. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं तक्रारीची फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे, ती आधी मोजा. कायद्यात तीन महिन्यांत निकाल लिहिलाय. प्रत्यक्षात सरांना पाठवलेली नोटीसच 'सदर पत्त्यावर राहत नाही' असा शेरा मारून परत आली, आणि नवा पत्ता शोधायचं काम माझ्यावर. रोख दिलेल्या 25,000 ची तर चिठ्ठी आहे फक्त, सही नसलेली.

तो पत्ता आता मिळालाय. दोन स्टेशनं पुढे नवीन नावानं उन्हाळी शिबिर लागलंय, 3,500 रुपये, 'मर्यादित जागा', फ्लेक्सवर मंदिराच्या दारातला तोच फोटो. आमच्या बॅचमधल्या ज्यांनी सरांच्या बायकोच्या नंबरवर पैसे पाठवले होते, त्यांनी बँकेतून शिक्का मारलेलं स्टेटमेंट काढून ठेवा. आयोगात मोबाइलचा स्क्रीनशॉट एकटा चालला नाही, आणि पुढच्या तारखेला मी नवा पत्ता देणार आहे.