घाटाची भीती असणाऱ्यांनी ड्रायव्हर मागवावा का? माझा अनुभव, साडेचार स्टार

मी भडगावची, नोकरी शाळेत. गाडी मला चांगली येते, जळगाव-धुळे कितीदा एकटीने केलंय, पण घाट लागला की हात गार पडतात, पाय थरथरतात आणि दरीकडे न बघता पण ती दिसतेच. लहानपणापासून असंच आहे, गच्चीच्या कठड्याजवळसुद्धा मी उभी राहत नाही. आणि माहेर संभाजीनगरला, म्हणजे मध्ये घाट आलाच. मिस्टर कामानिमित्त बाहेर असतात त्यामुळे दोन वर्षांपासून आमच्याच गाडीला ड्रायव्हर देणाऱ्या एका सर्व्हिसला फोन करतेय. आतापर्यंत चार वेळा बोलावलं, त्यावरून लिहिते.

पहिली ट्रिप वाईट गेली, ते आधी सांगते. पावसाळ्याचे दिवस, भडगावहून चाळीसगाव करून कन्नड घाटाने वर. एक तरुण मुलगा पाठवला होता, गाडीवर हात बसलेला होता पण घाटात सुद्धा एका हाताने फोनवर बोलत होता. मी दोनदा सांगितलं, तर म्हणे मॅडम रोजचा रस्ता आहे. त्याचा रोजचा असेल, माझा नव्हता. धुकं इतकं की पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसत होता. त्यात घाटाची आठवण ताजी, २०२१ च्या ऑगस्टअखेरीस याच घाटात दरड कोसळली, चाळीसगावला पूर आला, ते आपल्या भागातलं कोण विसरेल. घरी येऊन ऑफिसला फोन केला आणि सरळ तक्रार केली. त्यांनी ऐकून घेतलं, माफी मागितली, आणि पुढच्या वेळी मोठ्या वयाचे एक काका पाठवले. माझं मत बदललं ते त्यांच्यामुळे.

काकांनी निघायच्या आदल्या दिवशी स्वतः फोन केला. पहिला प्रश्न, "ताई, तुम्हाला वळणाची भीती वाटते का दरीची?" मला आजवर कुणी हे विचारलंच नव्हतं. दोन्ही वेगळं आहे म्हणे. वळणाने पोट ढवळतं, मळमळ होते, त्यात पुढे बसायचं, लांब बघायचं, पोट अगदी रिकामं ठेवायचं नाही. दरीची भीती असेल तर मात्र रस्ता निवडताना दरी कुठल्या बाजूला येते ते बघायचं. आपण डावीकडून चालतो ना, दरी डावीकडे असली की आपली गाडी कठड्याला लागून जाते आणि डोंगर डावीकडे असला की आपण आतल्या बाजूने. म्हणजे एकच घाट जाताना कठीण आणि येताना सोपा वाटू शकतो, किंवा उलट. पण ज्या घाटात रस्ता नागमोडी वर चढतो तिथे दर वळणाला दरीची बाजू बदलते, त्यामुळे तिथे सीट बदलून काही होत नाही. हे कळल्यावर मला माझ्याच कितीतरी जुन्या ट्रिपांचा उलगडा झाला, जाताना रडकुंडीला आले होते आणि येताना खिडकी उघडून बसले होते!

मोबाईलवरच्या मॅपमध्ये टोल टाळा, हायवे टाळा असं निवडता येतं, पण घाट टाळा असं कुठे नाही. तो सगळ्यात लवकर पोचवणारा रस्ता दाखवतो, त्याला माझ्या पायाचं काय माहीत. काकांनी सांगितलं की मॅपवर उपग्रहाचं चित्र लावून रेषा बघा, रस्ता केसाच्या पिनेसारखा दुमडत असेल तर चढ तीव्र. आणि त्या घाटाचे गाडीतून काढलेले व्हिडिओ आधी घरी बसून बघा, म्हणजे कुठे कठडा आहे कुठे नाही ते डोळ्याला ओळखीचं होतं. मी आता दरवेळी हे करते, खरंच फरक पडतो.

त्या दुसऱ्या ट्रिपला त्यांनीच रस्ता बदलला. कन्नड घाट सोडून पाचोरा, शेंदुर्णी, फर्दापूर करून अजिंठ्याच्या घाटाने वर गेलो. थोडं लांब पडतं, डिझेल जास्त लागतं, पण तो घाट छोटा आहे, भीती वाटायला लागते तोवर वर पोचलेले असतो. कन्नड घाटात जड वाहनांना २०२३ च्या ऑगस्टमध्ये हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने बंदी घातली, त्याआधी ट्रकच्या रांगेत अडकून तासन्‌तास दरीकाठी थांबायची वेळ यायची आणि मला चालत्या गाडीपेक्षा थांबलेल्या गाडीत जास्त भीती वाटते. ज्यांना हे दोन्ही घाट नको त्यांच्यासाठी नांदगाव-शिऊर बंगला हा फेरा आहे, वेळ असेल तर खुशाल घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

बाकी काकांचं चालवणं. ज्या गियरमध्ये चढलो त्याच गियरमध्ये उतरायचं, हा त्यांचा नियम, सारखा ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो आणि ऐनवेळी धरत नाही. अरुंद ठिकाणी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे पण पाळतं कोण, ते पाळतात. वळणाआधी हॉर्न. आणि मी गप्प झाले की बरोबर ओळखतात, "ताई, घाबरू नका, मी शे ना." एवढ्याने बरं वाटतं, आपल्या अहिराणीत कुणी धीर दिला की वेगळंच वाटतं.

रात्री जाऊ, दरी दिसणार नाही, असं मी सुचवलं होतं. ते नाही म्हणाले. समोरच्या गाड्यांच्या लाईटने डोळे दिपतात, रस्त्याची कड कळत नाही, सकाळी सातला निघा. पटलं. अजून एक, आमच्या छोट्या गाडीत खाली बसतो त्यामुळे कठडा दरीला झाकतो, उंच एसयूव्हीत तोच कठडा खाली राहतो आणि सगळं दिसतं. मी उगाच मोठी गाडी भाड्याने घ्यायच्या विचारात होते.

दर : दिवसाचे १,००० आणि जेवण, मुक्काम असेल तर ३०० वर. आमच्याकडच्या मानाने थोडं जास्त आहे. अर्धा स्टार कापलाय तो यासाठी की कुठला ड्रायव्हर येणार ते आदल्या संध्याकाळपर्यंत कळत नाही, आणि भीती असणाऱ्या माणसाला तेच आधी कळायला हवं असतं. फोन कराल तेव्हा स्पष्ट सांगा की मला उंचीची भीती आहे, वयस्कर आणि शांत माणूस द्या. लाजू नका, मी पहिल्या वेळी लाजले म्हणून तो मुलगा आला.

चौथी ट्रिप तोरणमाळची, या फेब्रुवारीतली. मुलीचा हट्ट होता. शहाद्याहून म्हसावद करून सातपुड्यात शिरलो, मी व्हिडिओ तीनदा बघितले होते, सातपायरी घाटाची वळणं पाठ होती. तिथे रस्ता दुमडत दुमडत वर जातो, बाजू बदलत राहते, तर काकांनी मला मोजायला लावलं, मोठ्याने, एक एक वळण. चौथ्याला डोळे मिटले, सहाव्याला उघडले. वर यशवंत तलावाच्या काठी अर्धा तास नुसती बसले, हवा काय गार होती. मुलगी आणि काका सीताखाई बघून आले, मी कठड्यापर्यंत गेले नाही, लांबून बघितलं. येताना मुलगी मागे झोपली आणि उतरताना वळणं मी मनात मोजली.